जित्याची खोड

खारपाड्याचा पूल ओलांडून पेणच्या दिशेनं निघालात की जिते लागतं. दिवा–रोहा गाडीनं आलात तर आपट्याच्या पुढचं स्टेशन. आपट्याला सिनेमावाले उतरतात, जित्याला फक्त जित्याची माणसं. इथल्या एका घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, एक बाई राहतात. वय साठीच्या बरंच पुढे, अंगानं किरकोळ, पाठ दोन ठिकाणी उसवलेली आणि मुखपृष्ठ अर्धं. चला, ओळख करून देतो. ह्या मराठी रहस्यकथा. ट्रंकेत त्यांच्या आणखी बऱ्याच बहिणी आहेत, पण सगळ्यांचा चेहरा आणि स्वभाव इतका सारखा, की एकीशी बोललं तरी सगळ्यांची भेट झाली म्हणायचं.

नमस्कार करताना एवढं सांभाळा, ‘तुम्ही अजून आहात?’ असं विचारू नका. बाईंना लागतं.

नटण्याची हौस दांडगी. उरलंय तेवढं मुखपृष्ठच पाहा. निळ्या-हिरव्या उजेडात फेल्ट हॅट घातलेला एक गृहस्थ पिस्तूल रोखून उभा आहे आणि पलीकडे एक तरुणी किंचाळते आहे. किंचाळताना तिचा भांग मात्र विस्कटलेला नाही. ही तरुणी आतल्या शंभर पानांत कुठंही भेटत नाही. विचारलंत तर बाई सांगतील, चित्रकाराला गोष्ट वाचायला वेळ नव्हता, प्रकाशकाला ती त्याच्याकडे धाडायला वेळ नव्हता, आणि वाचकाला तक्रार करायला वेळ नव्हता, कारण तो तोवर चौथ्या प्रकरणात पोचला होता. आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, शाई बोटांना लागणारी, किंमत आण्यांत. मुखपृष्ठ मात्र रंगीत. घरात पीठ नसलं तरी बाहेर पडताना इस्त्रीचेच कपडे घालणारी माणसं असतात, त्यांतल्या ह्या.

बोलण्यात फापटपसारा नाही. सूर्योदय, नायिकेचं बालपण, नायकाचं वैचारिक मंथन हे थोर कादंबऱ्यांनी करावं. ह्यांच्याकडे पहिल्या पानावर टेलिफोन खणखणतो आणि दुसऱ्या पानावर मलबार हिलच्या बंगल्यात शेठजी खुर्चीत कलंडलेले असतात. पाऊस पडलाच तर मध्यरात्री, आणि तोही पायांचे ठसे उमटावेत म्हणून. प्रकरण संपत आलं की दाराची मूठ हळूच फिरते. ही मूठ बाईंनी आयुष्यात किती वेळा फिरवली असेल कोण जाणे. तरी वाचणाऱ्याचा चहा दर वेळी निवतोच.

मूळच्या बाई मुंबईच्या, गिरगाव-लालबागकडच्या. जित्याला आल्या त्या चाकरमान्याच्या पिशवीतून. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा गिरणीतला माणूस भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसायचा, धरमतरला उतरायचा, पुढं एसटी धरायचा. पिशवीत पोरांना खाऊ, घरच्यांना कापडचोपड, आणि तळाशी, धोतराच्या घडीत, बाई. परत जाताना त्यांना न्यायचं राहून जायचं. इथल्या मुक्कामात त्या शेजारच्या हमरापूरपर्यंत फिरून आल्या. गणपतीच्या कारखान्यात रंगाचा एक हात सुकेपर्यंत एक प्रकरण वाचून होत असे. पानांच्या कोपऱ्यांवर गुलाबी अंगठे उमटलेत ते तिथले. ठसेतज्ज्ञ बोलवायची गरज नाही.

आता काही लोक मोठ्या भावुकपणे सांगतात, कंदिलाच्या उजेडात, रात्रीच्या गाडीची शिट्टी ऐकत आम्ही रहस्यकथा वाचायचो. कंदील खरा, शिट्टी खोटी. रोह्यापर्यंत रेल्वे गेली १९८६ साली. तोवर कौलांवर टीव्हीचे अँटेना उभे राहिले होते आणि बाई ट्रंकेत जाऊन बसल्या होत्या. साक्षीपुरावा तपासायची सवय बाईंनीच लावलेली, तेव्हा ह्या प्रकरणात त्या माझ्याच बाजूनं साक्ष देतील.

लपून राहण्यात त्या तरबेज. भूगोलाच्या पुस्तकात राहिल्यात, उशीखाली राहिल्यात, देवघरातल्या पोथ्यांच्या चळतीतही एक पावसाळा काढलाय. वाचनालयात एका वेळी दोन पुस्तकं मिळायची तेव्हा एक खांडेकर आणि एक बाई अशी जोडी घरी जायची. रस्त्यानं खांडेकर वर, बाई खाली. घरी पोचल्यावर बाई आधी. खांडेकर मुदत संपायच्या आदल्या रात्री, चाळण्यापुरते. ह्या वागणुकीचा बाईंना राग नाही. राग आहे तो समासात लिहिणाऱ्यांचा. बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘खुनी मामा’. त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘साफ चूक. शेवट वाच.’ आणि शेवटचं पान जागेवर नाही.

घराण्याचा विषय काढलात तर तासाभराची निश्चिंती. बाई थेट अमेरिकेला जातात. एडगर ॲलन पो, साल १८४१, पॅरिसच्या रू मॉर्गमधले खून आणि ते उलगडणारा द्युपाँ. पो कवी होता हे त्या दोनदा सांगतात. पण कुळवृत्तान्त नीट चाळला तर पोच्याही मागं एक फ्रेंच गृहस्थ उभा दिसतो, व्हिदॉक नावाचा. आधी चोर, मग पोलिसांचा खबऱ्या, मग पॅरिसच्या गुन्हेशोधक पथकाचा मुख्य. त्याच्या आठवणी १८२८ मध्ये छापून आल्या, आणि पोचा द्युपाँ त्याचं नाव घेऊन त्याला नावंही ठेवतो. म्हणजे मूळपुरुष चोर. इथं बाई घाईनं विषय बदलतात आणि विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’वर येतात. १८६८ चं पुस्तक, घराण्यातलं मोठं प्रस्थ. त्यातला सार्जंट कफ बेतला तो व्हिचर नावाच्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर, आणि १८६० साली इंग्लंड हादरवून सोडणाऱ्या एका खऱ्या खुनातला हरवलेला झगाही कॉलिन्सनं आपल्या कथेत वळवून घेतला. बरं, पुस्तकातला हिरा कुठला? सोमनाथचा, आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीत साहेबानं उचललेला. इथंही चोरीच.

मराठी शाखा सुरू होते ती गोविंद नारायणशास्त्री दातारांपासून. शास्त्रीबुवांनी रेनॉल्ड्सच्या विलायती भानगडी उचलल्या, त्यांना धोतर-पागोटं चढवलं आणि ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा भारदस्त नावांनी आपल्या ओटीवर आणून बसवलं. रेनॉल्ड्स हा डिकन्सच्या काळचा लेखक, अफाट खपाचा, पण प्रतिष्ठित कपाटात जागा न मिळालेला. आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी शेक्सपिअरच्या आड किती रेनॉल्ड्स वाचला याचा हिशेब कुणी दिलेला नाही, आणि देणारही नाही.

बाबूराव अर्नाळकरांचं नाव निघालं की मात्र बाई सावरून बसतात, आवाज खाली येतो. बाबूरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. चाळीसच्या दशकापासून लिहीत सुटले ते पुस्तकांचा आकडा हजाराच्या पुढं गेला. दर्जाची चर्चा ज्यांना करायची त्यांनी करावी. एवढं नुसतं नकलून काढायचं म्हटलं तरी माणसाला एक जन्म पुरणार नाही. धनंजय आणि छोटू त्यांचे, झुंजार त्यांचा, काळापहाड त्यांचा. खरा काळापहाड सोळाव्या शतकातला, बंगालच्या सुलतानाचा देवळं फोडणारा सेनापती; मराठी पोरांना हे नाव इतिहासाच्या मास्तरांआधी बाबूरावांनी शिकवलं. दोन-दोन नावांनी वावरणारे नायक घडवणारा हा माणूस स्वतःही घरात एक आणि मुखपृष्ठावर एक अशी दोन नावं वागवत जगला. पुढं एस. एम. काशीकर आले, गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. घर भरलेलं होतं तेव्हा असं भरलेलं होतं.

आता बाईंच्या खोडीबद्दल. आल्या दिवसापासून उचलेगिरी. अनोळखी साहेबाचा खून उचलायचा, गावाचं नाव बदलायचं, लॉर्डाचा रावबहादूर करायचा. ह्याबद्दल माझी तक्रार नाही; ज्ञानी माणसंही करतात, फक्त तळटीप देऊन. माझी तक्रार वेगळी आहे. बाईंनी परक्या घरातलं सगळं उचललं, पण त्यांच्या विलायती बहिणींनी जी सर्वांत नामी चोरी केली तिच्याकडे कधी डोळा उघडून पाहिलं नाही. त्या बहिणी साहित्याच्याच घरात शिरल्या. पुढच्या दारानं कुणी घेईना, म्हणून मागच्या दारानं गेल्या आणि कपाटं उपसून आल्या.

१९३३ साल घ्या. जॉन डिक्सन कार त्या साली एक कादंबरी लिहितो, तिच्यात एडगर ॲलन पोचं कुणाला ठाऊक नसलेलं हस्तलिखित नाहीसं होतं आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये प्रेत सापडतं. तपास करणारा डॉक्टर फेल म्हणजे देहानं आणि वागण्यानं हुबेहूब चेस्टरटन, जो स्वतःच फादर ब्राऊनचा बाप. त्याच साली अमेरिकेत एलरी क्वीन ह्या नावाआडचे दोघे मावसभाऊ आणखी एका टोपणनावानं शेक्सपिअरच्या जुन्या छापील प्रतीच्या अदलाबदलीवर अख्खं पुस्तक उभं करतात. पुढच्या वर्षी तर खऱ्या आयुष्यानं कथेवर मात केली. कार्टर आणि पोलार्ड ह्या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी टॉमस वाइज नावाच्या नामवंत संग्राहकाच्या दुर्मीळ पुस्तिकांच्या तपासाचा निकाल जाहीर केला. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांच्या पुस्तिकेवर साल होतं १८४७, आणि कागदात निघाला रासायनिक प्रक्रियेनं केलेला लाकडाचा लगदा. १८४७ साली असला कागद होतच नव्हता. कागदानंच कबुलीजबाब दिला! १९३५ मध्ये डोरोथी सेयर्सनं ऑक्सफर्डच्या मुलींच्या कॉलेजात जी कथा घडवली तिच्या मुळाशी होता एका विद्वानानं दडपलेला पुरावा: आपला सिद्धान्त खोटा पडेल म्हणून त्यानं एक जुनं पत्र लपवलं. खून नाही, तरी वाचताना झोप उडते. आणि सेसिल डे-लुइस हा कवी निकोलस ब्लेक ह्या नावानं रहस्यकथा लिहायचा, आपला डिटेक्टिव्ह ऑडन ह्या कविमित्रावर बेतायचा, आणि १९६८ साली इंग्लंडचा राजकवीही झाला. कुणी त्याला पंगतीतून उठवलं नाही.

आता तेच १९३३ साल आपल्याकडे. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते इतकं उघड लिहिलेलं, की महाराष्ट्र खडबडून जागा झाला आणि लगेच संतापला. वर्तमानपत्रं पेटली, आणि जो तो विचारू लागला, ही विभावरी कोण? बाई की बाईच्या नावाआडचा पुरुष? प्रकाशक ह. वि. मोटे. संशयितांची यादी जवळजवळ प्रत्येक शिकलेल्या बाईपर्यंत जाणारी. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, हे यथावकाश उघड झालं. पण धनंजय काय, झुंजार काय, पुढच्या पन्नास वर्षांत कुणाला ह्या प्रकरणाच्या वासावर सोडावं असं आमच्या बाईंना वाटलं नाही. त्या मलबार हिलवर शेठजींचं प्रेत सांभाळत बसल्या.

पुणं-मुंबई राहू द्या. बाई राहतात जित्याला. वरसई कुठं आहे? ह्याच पेण तालुक्यात, बाळगंगेच्या खोऱ्यात. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ व्हायचा होता, दक्षिणा बरी सुटेल, असा साधा भिक्षुकी हिशेब. वाटेत बंडाची बातमी. भटजी फिरत फिरत झाशीत पोचले आणि वेढ्यात सापडले. त्यांनी राणी पाहिली, तोफा पाहिल्या, कत्तल पाहिली, मिळवलेलं लुटलं गेलं तेही पाहिलं, आणि शेवटी गंगाजळाची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतले. पंचवीसएक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ छापून आला तो भटजी गेल्यावर, १९०७ साली.

इथून बाईंच्या धंद्याचा माल सुरू होतो. छापलेलं पुस्तक आणि भटजींचं बाड, दोन्ही एक नव्हतं. वैद्यांनी काही गाळलं होतं, काही फिरवलं होतं, काही पदरचं घातलं होतं. इंग्रजी अंमल, विषय सत्तावन्नचा. हात राखून काम करणं भाग होतं असं म्हणता येईल. आणि वैद्यांनी आग्रह धरला नसता तर बाड जन्मालाच आलं नसतं, हेही खरं. तरी जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक वरसईच्या भटजींचा म्हणून जो आवाज ऐकत होते त्यात दुसऱ्या एका विद्वानाचा घसा मिसळलेला होता. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक काढलं तेव्हा कुठं दोन्ही आवाज शेजारीशेजारी ठेवून ऐकता आले. मेलेला साक्षीदार, त्याच्या जबानीत झालेली दुरुस्ती, आणि मूळ जबानी बाहेर यायला लागलेली साठ वर्षं! कारला हे मिळालं असतं तर त्यानं टॉवर ऑफ लंडनकडे पाठ फिरवून थेट पेणची एसटी पकडली असती.

डिटेक्टिव्हसाठीही लांब जायला नको. तोही वरसईचाच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, जन्म १८६३. पायी गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांचे माळे आणि अडगळी उपसून ह्या माणसानं मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा केली. पहिला खंड १८९८ चा, असे बावीस खंड काढले. लोक दफ्तरं दाखवायला तयार नसत, कागद वाळवी खात असे, आणि राजवाडे उंबऱ्यावरून हटत नसत. स्वतःचं जेवण स्वतः रांधायचं, लिहायचं ते मराठीतच, कुणाची भीड ठेवायची नाही आणि मतभेद झाला तर पाठ फिरवायची. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात हेच पुढं होते, आणि मंडळाशी बिनसलं तेही ह्यांचंच. होम्सला निदान एक वॉटसन टिकवता आला. राजवाड्यांनी १९०२ साली कादंबरीवर एक निबंधही लिहिलाय, तेव्हा बाईंच्या जातकुळीचा त्यांनी विचारच केला नव्हता असं म्हणायची सोय नाही. माळ्यावर कागद शोधताना बाई हाती लागल्या असत्या तर त्यांनी बहुधा खिडकीतून खाली भिरकावल्या असत्या. पण आधी वाचल्या असत्या.

कॉनन डॉयलची नाचऱ्या बाहुल्यांची सांकेतिक लिपी १९०३ ची. एका अक्षराऐवजी एक बाहुली, एवढीच युक्ती. होम्सनं ती सोडवली आणि जगानं टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे त्याच सुमाराला राजवाडे खऱ्या सांकेतिक लिपीशी झटत होते. महानुभाव पंथानं चौदाव्या शतकात आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या लिपीत बंद केले होते, एका अक्षराच्या जागी दुसरं असं बदलून. मठाबाहेर कुणाला एक ओळ लागत नसे, आणि जे वाचता येत नाही त्यात काहीतरी भलतंच असणार असं बाहेरचे लोक धरून चालत. राजवाड्यांनी ती किल्ली फिरवली. मग हळूहळू जे बाहेर आलं त्यात ‘लीळाचरित्र’ होतं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पाच-सहा शतकं मराठीचं बोलणं कुलपात होतं आणि कुलूप उघडणारा पेण तालुक्यातला निघाला. बाहुल्यांच्या कथेत एक खून आहे, हा काय तो डॉयलचा वरचष्मा.

कथेला कलाटणी हवी असेल तर राजवाड्यांनी तीही पुरवून ठेवलीय. १९०९ मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. पोथी एकनाथांच्याही आधीची, असा त्यांचा दावा. विद्वानांनी शंका काढल्या. मूळ पोथी आज पाहायला मिळत नाही. डिटेक्टिव्हलाच संशयिताच्या रांगेत उभं करणारं हे प्रकरण, आणि बाईंनी ते फुकट घालवलं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाड तालुक्यात, आणखी एक. समर्थांनी दासबोध जिथं बसून सांगितला ती शिवथरची घळ लोकांच्या विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी जुने कागद आणि समर्थांच्या काव्यातल्या खुणा जुळवत १९३० साली ती धुंडून काढली. हरवलेली गुहा, काव्यात दडवलेला पत्ता! बाईंना गुहेचा एवढा षोक, की दर तिसऱ्या पुस्तकात त्या एक खणतात. आणि धबधब्याच्या आडची खरी गुहा रायगड जिल्ह्यातच असताना ह्यांच्या गुहा निघाल्या त्या कुठल्यातरी शेठजींच्या तळघराखाली.

असं का, हे मी बाईंना विचारलंय. त्या म्हणतात, आमचा वाचक भटजीच्या बाडासाठी आणे मोजेल काय? त्याला हिरा लागतो, भुयार लागतं. मला हे पटत नाही. वाचकाचं नाव पुढं करून त्या स्वतःचा अहंकार झाकतात. साहित्याच्या लोकांनी आपल्याला पायरीवर उभं केलं, तेव्हा त्यांच्या घरात काय शिजतं ते बघायचंसुद्धा नाही, अशी ती आढी आहे. आढीला कारण आहे, हे कबूल. हजार पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचं नाव वाङ्मयाच्या इतिहासात एका ओळीत उरकणारे लोकही काही कमी गर्विष्ठ नव्हेत. दोघांच्या ह्या रुसव्यात कथा मात्र वरसईलाच पडून राहिली.

बंगालमधल्या चुलतबहिणीला ही अडचण कधी आली नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहायचे आणि ब्योमकेश बक्षीही, आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचले जात. हा माणूस १९३८ मध्ये सिनेमासाठी मुंबईला आला आणि १९५२ नंतर पुण्यात राहिला. पुण्यात राहून त्यानं काय करावं? शिवाजी महाराजांच्या काळातला सदाशिव नावाचा मुलगा नायक करून बंगालीत गोष्टी लिहिल्या, आणि ब्योमकेशला महाबळेश्वरच्या एका हॉटेलात पाठवून तिथून पत्रातून भुताची आणि खुनाची हकिकत कळवायला लावली. बंगाली बाबूला सह्याद्री दिसला. सह्याद्रीच्या पायथ्याशी ट्रंकेत बसलेल्या आमच्या बाई लंडनच्या धुक्यात चाचपडत राहिल्या, तेही भाषांतरातून.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी लिहिणारं असेल तर बाईंच्या वतीनं विनंती करतो. ‘माझा प्रवास’च्या १९०७ आणि १९६६ च्या आवृत्त्या मिळवा आणि ओळीला ओळ लावून वाचा, कथानकाची निम्मी मेहनत तिथंच वाचेल. तपास करणारा माणूस तापट घ्या, मोडी येणारा घ्या, आणि त्याला स्वयंपाक येऊ द्या. खून हवाच असेल तर एखाद्या संपादकाचा करा, लेखकमंडळींची सहानुभूती आपोआप मिळेल. मुखपृष्ठावर किंचाळणारी तरुणी टाकलीत तरी चालेल, तेवढी हौस बाईंची पुरवायला हवी. पण कृपा करून वरसईपासून जित्यापर्यंत भुयार खणू नका.